मौनाचा नेम



शांतता या शब्दाचा उच्चार होताच बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एखादी डोंगरातली घळ, नदीकाठचे देऊळ किंवा पहाटेचे माळरान उभे राहते. ही चित्रे सुंदर आहेत. परंतु शेती, नोकरी आणि संसार सांभाळणाऱ्या गृहस्थाला त्यांचा उपयोग वर्षाकाठी चार दिवसांपुरताच. उरलेले तीनशे एकसष्ट दिवस त्याला शांतता हवी असते ती त्याच्याच घरात, मुलांचा अभ्यास चालू असताना, स्वयंपाकघरात भाकरी होत असताना. या गृहस्थाश्रमी शांततेचा विचार आज करावयाचा आहे.

प्रारंभी एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. आवाज थांबला म्हणजे शांतता आली, असे नाही. पंढरीच्या वाटेवर टाळमृदंगाच्या गजरात चालणारा वारकरी शांत असू शकतो आणि बंद खोलीत एकटाच हातातल्या पडद्यावर बोट फिरवीत बसलेला तरुण कमालीचा अशांत असू शकतो. कानावर काही पडणे आणि त्यावर मनाने किंवा हाताने काही करणे, या दोहोंमध्ये थोडे अंतर असते. त्या अंतरात माणूस पारखतो, आठवतो, कुणाला तरी विचारतो आणि मग ठरवितो. हे अंतर शाबूत असणे, हीच व्यवहारातली शांतता होय. नव्या माध्यमांनी आघात केला आहे तो नेमका या अंतरावर.

ज्या माध्यमांना शेवट होता

माध्यमे काही काल जन्मलेली नाहीत. मुंबईचे नभोवाणी केंद्र १९२७ साली सुरू झाले. दूरदर्शनचे मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. या दोन्ही माध्यमांनी मराठी घराचा दिनक्रम घडविला. पुणे केंद्रावरून सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लागणाऱ्या प्रादेशिक बातम्यांवर कित्येक घरांतली घड्याळे लावली जात. परंतु त्या बातम्या संपत असत. आकाशवाणीच्या प्रसारणाला ‘सभा’ म्हणत. पहिली सभा, दुसरी सभा, तिसरी सभा. सभा म्हटली की ती भरते आणि विसर्जित होते. रात्री तिसरी सभा संपली की आकाशवाणी स्वतःच श्रोत्याचा निरोप घेत असे. वर्तमानपत्राचेही तसेच होते. शेवटचे पान वाचून झाले की अंक घडी करून ठेवला जाई आणि पुढची बातमी दुसऱ्या दिवशीच्या पहाटेपर्यंत थांबत असे.

या थांबण्यात एक मोठी सोय होती, जिची त्या काळी कुणालाच जाणीव नव्हती. वाचकाला निग्रह करावा लागत नव्हता. पुरे कधी म्हणावयाचे, हे माध्यमच ठरवीत असे. सकाळी ऐकलेल्या बातमीवर दिवसभर पारावर, कचेरीत, एस.टी.च्या थांब्यावर चर्चा होई. त्या चर्चेत अतिशयोक्ती गळून पडे आणि संध्याकाळपर्यंत मत तयार होई.

पुढे चित्र पालटले. १९९० नंतरच्या दशकात उपग्रह वाहिन्या आल्या. ३१ डिसेंबर २००० रोजी ‘आज तक’ ही चोवीस तास हिंदी बातम्या देणारी वाहिनी सुरू झाली आणि २००७ मध्ये चोवीस तास मराठी बातम्याही घरात आल्या. बातमी असो वा नसो, पडदा चालू राहिलाच पाहिजे, असा दंडक पडला. तरीही दूरचित्रवाणी संच भिंतीपाशी होता. त्याच्यासमोरून उठून जाता येत होते. भ्रमणध्वनीने तीही सोय काढून घेतली. २०१६ नंतर इंटरनेट स्वस्त झाले. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या आकडेवारीनुसार मार्च २०२४ अखेर देशातील इंटरनेट जोडण्यांची संख्या ९५ कोटींवर पोहोचली होती. आता पडदा माणसाबरोबर शेतावर जातो, देवळात जातो आणि रात्री उशाशी झोपतो.

शेवट कुणी काढून टाकला?

हे सारे आपोआप घडले, असा समज करून घेणे चुकीचे ठरेल. हर्बर्ट सायमन या अमेरिकन विचारवंताने, ज्यांना पुढे १९७८ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले, १९७१ सालीच एक साधा हिशेब मांडला होता. माहिती ही माणसाचे अवधान खर्च करते. तेव्हा माहितीची जितकी रेलचेल, तितका अवधानाचा दुष्काळ. जी वस्तू दुर्मीळ होते तिचा बाजार भरतो, हे अर्थशास्त्राचे जुने सूत्र आहे. आज बाजार भरला आहे तो माणसाच्या अवधानाचा. भ्रमणध्वनीवर जे फुकट मिळते, त्याची किंमत या नाण्यात चुकती होते.

या बाजाराची अवजारेही समजून घेण्यासारखी आहेत. २००६ मध्ये अझा रास्किन या संगणक-रचनाकाराने अशी युक्ती शोधली की, पडद्यावरचे पान खाली सरकवीत गेले तरी ते संपतच नाही. पुढचा मजकूर आपोआप येत राहतो. वापरणाऱ्याचे कष्ट वाचावेत, हा त्यामागचा हेतू होता. पण पानाचा तळ गेला आणि त्याबरोबर ‘आता पुरे’ म्हणण्याची जागाही गेली. खुद्द रास्किन यांनीच पुढे या शोधाबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. दुसरे अवजार अनिश्चित बक्षिसाचे. बी. एफ. स्किनर या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यास कबुतरांवर केलेल्या प्रयोगांत असे आढळले की, कळ दाबल्यावर प्रत्येक वेळी दाणा मिळाला तर पक्षी पोट भरल्यावर थांबतो. पण दाणा कधी मिळेल आणि कधी नाही याचा नेम नसला, तर तो कळ दाबीतच राहतो. भ्रमणध्वनी पुन्हापुन्हा उघडून पाहणाऱ्या माणसाची गत यापेक्षा निराळी नाही. दहा वेळा पाहिल्यावर एखादा संदेश मनाजोगता निघतो आणि त्या एकासाठी पुढचे दहा वेळा पाहिले जाते. करमणुकीच्या व्यवसायातील नेटफ्लिक्स या कंपनीच्या प्रमुखांनी २०१७ मध्ये तर उघडच सांगितले की, त्यांच्या कंपनीची स्पर्धा लोकांच्या झोपेशी आहे.

तात्पर्य, एका बाजूला हजारो कुशल अभियंत्यांनी अहोरात्र तयार केलेली यंत्रणा आहे आणि दुसऱ्या बाजूला दिवसभर राबून थकलेला एकटा माणूस आहे. अशा माणसाला ‘मनावर ताबा ठेवा’ एवढाच उपदेश करणे, हे पुरात उभ्या असलेल्याला पोहण्याचे महत्त्व सांगण्यासारखे आहे.

अंतर नाहीसे होते तेव्हा

कुणी म्हणेल, थोडा वेळ वाया गेला, झोप कमी झाली, यापलीकडे यात काय बिघडले? त्याचे उत्तर महाराष्ट्राने दोनदा दिले आहे आणि दोन्ही वेळा ते रक्ताने लिहिले गेले आहे.

२६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री मुंबईवर हल्ला झाला. तीन दिवस वाहिन्यांनी क्षणाक्षणाचे थेट प्रक्षेपण केले. ताजच्या आणि नरीमन हाऊसच्या बाहेर जवान कोठे उभे आहेत, काय करीत आहेत, हे देशभरच्या प्रेक्षकांना दिसत होते. तसेच ते सीमेपलीकडे बसून अतिरेक्यांना दूरध्वनीवरून सूचना देणाऱ्यांनाही दिसत होते. सर्वोच्च न्यायालयाने २९ ऑगस्ट २०१२ रोजी कसाब खटल्याच्या निकालपत्रात वाहिन्यांच्या या वर्तनावर कठोर ताशेरे ओढले. दिसले की दाखवायचे, या घाईत ‘दाखवावे की नाही’ हा प्रश्न विचारण्याइतकेही अंतर उरले नव्हते.

दुसरी घटना १ जुलै २०१८ ची. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे त्या दिवशी आठवडे बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातील पाच जण तेथे आले होते. ते सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडचे. पिढ्यान्‌पिढ्या भिक्षेकरिता गावोगाव फिरणारे. मुले पळविणारी टोळी फिरत असल्याचे संदेश त्या दिवसांत भ्रमणध्वनींवरून धावत होते. अनोळखी चेहरे दिसताच संशयाचे रूपांतर जमावात झाले. पाचही जणांना मारीत ग्रामपंचायतीच्या कार्यालयात नेण्यात आले आणि तेथेच त्यांचा अंत झाला. ज्या समाजाला गावाने शतकानुशतके दारात उभे राहिलेला गोसावी म्हणून ओळखले, त्याच समाजाची माणसे एका खोट्या संदेशामुळे काही मिनिटांत अनोळखी ठरली. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅप या कंपनीने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठविता येईल, अशी मर्यादा घातली. यंत्रात थोडे अंतर घातले गेले. पण पाच घरांचे कर्ते पुरुष परत आले नाहीत.

त्या बाजारात एखाद्या वडीलधाऱ्याने ‘थांबा, आधी चौकशी करू’ असे म्हटले असते आणि ते ऐकले गेले असते, तर? शांततेचा प्रश्न केवळ मनःस्वास्थ्याचा राहत नाही, तो असा समाजाच्या विवेकाचा होतो.

लादलेली आणि स्वीकारलेली

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. शांततेचे गुणगान करताना तिच्या दोन जाती विसरता कामा नयेत. २५ जून १९७५ च्या रात्री आणीबाणी लागू झाली आणि दिल्लीत ज्या रस्त्यावर वृत्तपत्रांच्या कचेऱ्या होत्या, तेथील वीज तोडण्यात आली. २८ जूनला ‘इंडियन एक्स्प्रेस’ने अग्रलेखाची जागा कोरी सोडली. त्या काळात देशात शांतता होती, पण ती स्मशानशांतता होती. बातमीसाठी भुकेलेल्या नागरिकांनी चक्रमुद्रित पत्रके लपूनछपून एकमेकांच्या हाती दिली. तेव्हा सत्तेने तोंड दाबून आणलेली शांतता ही व्याधीच आहे. तिच्यापेक्षा गोंगाट बरा.

म्हणूनच माहितीकडे पाठ फिरवा, असे कुणी सांगू नये. हाच भ्रमणध्वनी शेतकऱ्याला बाजारभाव आणि पावसाचा अंदाज सांगतो, बाळंतिणीसाठी रुग्णवाहिका बोलावितो, परदेशी गेलेल्या मुलाचा चेहरा आईला दाखवितो. प्रश्न त्याग करण्याचा नाही, वेळ आखण्याचा आहे. आणि ती वेळ ज्याची त्याने, ज्या गावाची त्या गावाने आखली पाहिजे.

एका गावाने काय केले?

अशी वेळ आखणारे एक गाव महाराष्ट्रात आहे. सांगली जिल्ह्याच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव. वस्ती सुमारे तीन हजार. बहुतेक घरे शेतीवर आणि साखर कारखान्यातील कामावर अवलंबून. करोनाच्या काळात, २०२० पासून, शाळा भ्रमणध्वनीवर भरू लागल्या आणि मुलांच्या हाती ते यंत्र आले. शाळा पुन्हा वर्गात भरू लागल्या, पण यंत्र हातातून सुटेना. मुले त्यात आणि घरातील मोठी माणसे दूरचित्रवाणीवरील मालिकांत गुंतलेली, असे घरोघरचे दृश्य झाले. काही तास हे सारे बंद ठेवण्याची कल्पना तेव्हाचे सरपंच विजय मोहिते यांनी मांडली, तेव्हा पुरुषमंडळींनी तिची थट्टाच केली. मग ग्रामपंचायतीने गावातील महिलांना एकत्र बोलाविले. मालिकांचे वेड लागत चालले आहे, हे त्या माउल्यांनी मोकळेपणाने मान्य केले आणि संपूर्ण गावानेच पडदे बंद ठेवावेत, असे मत दिले. १४ ऑगस्ट २०२२ रोजी, स्वातंत्र्यदिनाच्या पूर्वसंध्येला, निर्णय झाला आणि देवळावर भोंगा बसविण्यात आला.

संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजे, की घरोघरचे भ्रमणध्वनी आणि दूरचित्रवाणी संच बंद होत. साडेआठला तो पुन्हा वाजे. मधल्या दीड तासात मुलांनी अभ्यास करावा आणि मोठ्यांनी वाचावे किंवा एकमेकांशी बोलावे, अशी अपेक्षा होती. पहिल्या दिवसांत ग्रामपंचायतीचे कर्मचारी आणि गावकऱ्यांचे गट दारोदार जाऊन आठवण करून देत. नोव्हेंबर २०२२ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातील बांशी या गावाच्या ग्रामसभेने निराळा मार्ग स्वीकारला आणि अठरा वर्षांखालील मुलांच्या भ्रमणध्वनी वापरावर बंदी घालण्याचा ठराव केला. दोन्ही गावांची तळमळ एकच होती. तथापि वडगावच्या योजनेत एक विशेष होता: तिने मुलांना वेगळे काढले नाही. आजोबांपासून नातवापर्यंत सर्वांसाठी भोंगा एकच होता. ज्या घरात वडील बातम्यांचा वाद पाहत बसलेले असतात, त्या घरात मुलाला ‘अभ्यास कर’ म्हणण्याचा अधिकार आपोआप क्षीण होतो. वडिलांच्या हातातले यंत्र खाली ठेवले गेले की शब्दाला वजन येते.

मुलांच्या दृष्टीने ही गोष्ट किती निकडीची आहे, हे ‘असर’ या ग्रामीण शिक्षणविषयक पाहणीच्या २०२४ च्या अहवालातून दिसते. १४ ते १६ वर्षे वयोगटातील ८२ टक्के मुलांना स्मार्टफोन वापरता येत होता. त्यांपैकी आदल्या आठवड्यात शिक्षणाशी संबंधित कामासाठी तो वापरणारी मुले ५७ टक्के होती. समाजमाध्यमांसाठी वापरणारी ७६ टक्के.

नेमाचे बळ

वडगावचा भोंगा सातला वाजे, यात एक अर्थपूर्ण योगायोग आहे. सात ही दिवेलागणीची वेळ. मराठी घरात देवापाशी दिवा लागला की मुलांनी हातपाय धुऊन शुभंकरोती म्हणावे, पाढ्यांचा परवचा म्हणावा, असा रिवाज होता. खेळ कितीही रंगात आलेला असो, दिवा लागला की तो मोडत असे. आणि सगळ्या आळीचा एकदमच मोडत असे, म्हणून कुणालाही वाईट वाटत नसे. वडगावने वेगळे काही केले नाही. विझलेली वेळ पुन्हा पेटविली, इतकेच.

ज्याला ‘नेम’ म्हणतात, त्याचे मर्म येथे आहे. एकादशीला काय खावे, याचा विचार घरातील प्रत्येकाला दर वेळी नव्याने करावा लागत नाही. दिवस ठरलेला, पथ्य ठरलेले आणि चुलीवर शिजते तेही सर्वांसाठी तेच. एकट्याने केलेले लंघन कठीण जाते. घराने मिळून धरलेला उपवास सहज पार पडतो. पोटाच्या भुकेला ज्या समाजाने तिथीवारांचे कुंपण घातले, त्या समाजाला डोळ्यांच्या आणि कानांच्या भुकेसाठी तसे कुंपण घालणे अशक्य नाही.

आणि नेम म्हणजे कर्तव्यातून पळ, असेही नाही. गांधीजी दर सोमवारी मौन पाळीत. २ जून १९४७ हा दिवस सोमवार होता. देशाच्या फाळणीची योजना पुढ्यात आलेली आणि व्हाइसरॉय माउंटबॅटन यांची भेट ठरलेली. त्या भेटीतही गांधीजींनी मौन सोडले नाही. जुन्या लिफाफ्यांच्या पाठकोऱ्या बाजूवर पेन्सिलीने लिहून त्यांनी उत्तरे दिली. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद असू शकतात. परंतु इतिहासाच्या इतक्या कठीण घटकेलाही ज्याचा नेम ढळत नाही, त्याच्या मनाची घडण विचार करण्याजोगी आहे. विनोबाजींनी २५ डिसेंबर १९७४ पासून पवनारला वर्षभर मौन पाळले. सामान्य गृहस्थाने वर्षाचे मौन धरावे, असे कुणी म्हणणार नाही. त्याला दीड तास पुरेसा आहे.

आरंभ कोणी करावा?

अडचणी आहेत, हे खरे. रुग्णालयात काम करणाऱ्याला, रात्रपाळीच्या कामगाराला, परगावी एकट्या राहणाऱ्या वृद्धेच्या मुलाला यंत्र पूर्ण बंद ठेवता येणार नाही. त्यांच्यासाठी घंटी चालू राहावी, पडदा मिटलेला असावा. निकडीचे काम असलेला माणूस फोनच करतो. शहरातील घरात सातला कुणी पोहोचतच नाही; तेथे वेळ नऊची असावी, जेवणाची असावी. ज्या गावात भोंगा नाही तेथे घंटा असते, अजान असते, गिरणीची पाळी सुटते. खूण कोणतीही चालेल. ती सर्वांची असावी आणि रोज त्याच वेळी व्हावी, एवढेच पथ्य. शाळेने, वाचनालयाने, मंडळाने, सोसायटीने यांत पुढाकार घेतला तर एकट्या घरावरचा भार हलका होईल.

त्याबरोबर दुसरा एक छोटा नेम जोडता येईल. संताप आणणारा किंवा भय घालणारा संदेश आला, तर तो त्या रात्री पुढे पाठवावयाचा नाही. सकाळी वर्तमानपत्र पाहावे, माहितगाराला विचारावे आणि मग ठरवावे. खरी बातमी एका रात्रीने शिळी होत नाही आणि खोटी बहुधा उजाडेपर्यंत टिकत नाही. राईनपाड्याच्या त्या पाच जणांना याहून मोठी श्रद्धांजली देता येणार नाही.

वडगावच्या थट्टा करणाऱ्या पुरुषांना शेवटी वळविले ते घरातील स्त्रियांच्या स्पष्ट बोलण्याने. त्या कुणी तत्त्वज्ञ नव्हत्या. स्वतःला कशाचे वेड लागते आहे, ते त्यांनी आधी ओळखले आणि मग गावाला सांगितले. प्रत्येक घरात असे बोलणारे एक माणूस निघाले, तर पुरे. त्याने प्रथम स्वतःचे यंत्र खाली ठेवावे आणि मग दिवा लावावा.